सरळ चला

दुपारी ती गाडी घेऊन सिग्नलला थांबलेली असताना मागचं दार उघडलं आणि कोणीतरी गाडीत येऊन बसलं. दार उघडल्याचा आवाज तिने ऐकला, गाडी एका अंगाला किंचित दबली तेही जाणवलं, बाहेरची गरम हवा मानेला लागली. पण हे आपल्याच गाडीत घडतंय हे ध्यानात यायला तिला वेळ लागला. तिच्या डोक्यात एक खिडकी होती. घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड दाखवायचं, पडदे शिवून घेऊन बसवून द्यायचे, हा तिचा व्यवसाय; आणि त्या सकाळी पाहिलेली खिडकी वर रुंद आणि खाली येता येता निमुळती होत गेलेली होती. बांधणाऱ्याची चूक की हौस, कोण जाणे. पडदा सरळ सोडला तर भिंतच झाकली जाणार, तिरका कापला तर ओढताना अडकणार. या विचारात ती इतकी बुडाली होती की दार पुन्हा लागलं तेव्हा तिला वाटलं, वाऱ्याने लागलं असेल. मग तिच्या बरोबर पाठीमागून आवाज आला, "सरळ चला."

आवाजात दरडावणी नव्हती. टॅक्सीत बसल्यावर माणूस सांगतो तसं त्याने सांगितलं. तिने आरशात पाहिलं. तो नेमका तिच्या सीटमागे बसला होता, त्यामुळे आरशात आला तो फक्त एक खांदा, राखाडी शर्टाची शिवण, कानाची पाळी, आणि त्यापलीकडे मागची काच. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. आणि तिने गाडी काढली.

रस्ता ओळखीचा होता. फर्निचरची दुकानं, बँकेच्या पायऱ्या, मैदानाची लांबच लांब भिंत. सगळं काचेपलीकडून सावकाश मागे जात होतं, आणि तिला ते फार स्वच्छ दिसत होतं. एका दुकानाबाहेर उलट्या रचून ठेवलेल्या खुर्च्यांचे पाय, बँकेच्या दारात चपला झटकणारा म्हातारा, भिंतीवरच्या जाहिरातीतल्या बाईचा उन्हाने पांढरा पडलेला हात. तो मधेच म्हणाला, "एसी जरा कमी करता का?" तिने कमी केला. "पुढे वळा," म्हणाला. ती वळली. वळताना मान तिरकी झाली तेव्हा तिला त्याच्या मांडीवरचं काहीतरी दिसलं, लांबट, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, आणि त्यावर आडवा ठेवलेला हात. तिचे कापडाचे नमुने त्याने बाजूला सारले होते. नमुन्यातली निळी मखमल त्याच्या गुडघ्याखाली दबली होती. आता कापडाला सुरकुती पडणार, हा विचार तिच्या मनात आला. तेवढाच आला.

एका मोठ्या झाडापाशी तो म्हणाला, "बस, इथे." तिने गाडी कडेला घेतली. तो उतरला, दार हळूच लावलं, आणि काचेशी वाकून म्हणाला, "सावकाश जा." तिने मान हलवली. वर "हो" असंही म्हणाली.

तिथून ती ठरल्याप्रमाणे पुढच्या घरी गेली. घर नवं होतं, रिकामं. मालकीणबाई तिला सगळ्या खोल्या दाखवत होत्या आणि कोणत्या खोलीत कुठून ऊन येतं ते सांगत होत्या. तिने टेप काढली, खिडकीच्या चौकटीला लावली, आकडा वाचला. वाचता वाचता आकडा विसरली. पुन्हा लावली. टेपवरचे काळे आकडे मुंग्यांसारखे इकडून तिकडे सरकायला लागले, आणि मग तिचे पाय तिच्या अंगाखालून निघून गेले. त्या परक्या रिकाम्या खोलीत, रंगाचे थेंब पडलेल्या फरशीवर, ती भिंतीला टेकून बसली. मालकीणबाईंनी पाणी आणलं. ऊन बाधलं असेल म्हणाल्या. ती त्यालाही हो म्हणाली.

घरी सगळ्यांनी ते आपापल्या परीने समजून घेतलं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात होता. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने तिला समोर बसवलं आणि हळू आवाजात एकेक विचारत गेला. दार लॉक नव्हतं का. फडक्यात सुरा होता का. तो काही बोलला का, हात लावला का. सगळ्याची उत्तरं मिळाल्यावर त्याने तो प्रश्न विचारला जो तो सुरुवातीपासून टाळत होता, हे तिला दिसत होतं: हॉर्न का नाही वाजवलास? भर दुपारी, भर रस्त्यात, चारी बाजूंनी गाड्या. हॉर्नवर हात ठेवून बसली असतीस तर माणसं धावली असती. त्याच्या आवाजात राग नव्हता. नणंद फोनवर म्हणाली, अगं, फोनवरून बोलावलेली टॅक्सी समजून बसला असेल बिचारा, फडक्यात छत्री असेल. तुम्ही उगाच राईचा पर्वत करताय. पोलीस चौकीतल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, काय चोरीला गेलं विचारलं. काही नाही. धमकी दिली का. नाही. मग तक्रार काय लिहू, सांगा. ती म्हणाली, "तो माझ्या गाडीत बसला." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुढच्या वेळी दारं लॉक करत जा असं सांगितलं.

सुरा होता की छत्री, हे तिला कधीच कळणार नव्हतं. ते एक वेळ तिने सोडून दिलं असतं. तिला पोखरत होतं ते वेगळंच, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या वेळी तिला भीती वाटली नव्हती. उलट एक प्रकारची गुंगी आली होती, ताप उतरताना येते तशी, ऊबदार. आपलं अंग कोणीतरी आपल्याकडून सांभाळायला घेतलंय आणि आता आपल्याला काही करायचं नाही असं वाटलं होतं. रस्ता छान दिसत होता. वळा म्हटल्यावर वळणं किती सोपं होतं. हे नवऱ्याला कसं सांगायचं? माझ्या मागे एक अनोळखी माणूस बसला होता आणि मला बरं वाटत होतं, असं?

आपलं असं का झालं, याचा शोध घेत ती मागे मागे जायची, आणि दर वेळी वडिलांच्या गाडीपाशी येऊन थांबायची. वडील गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शाळेतून आल्यावर तिला सांभाळायला घरी कोणी नसायचं, म्हणून ती मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायची आणि पुढे कोणीतरी थरथरत्या हातांनी गाडी शिकत असायचं. वडील शांत असायचे. खिडकीबाहेर बघत असल्यासारखे दिसायचे, आणि कोणी चुकलं की गाडी अलगद थांबायची. तिलाही त्यांनीच शिकवलं. ती धडधड करत चौकात घुसायची, समोरून बस यायची, आणि गाडी आपोआप थांबायची. वडील तिच्याकडे बघायचेही नाहीत. "चल पुढे," एवढंच म्हणायचे. ते गेल्यालाही आता जमाना झाला होता, त्यांची गाडी भंगारात गेली होती. पण त्या दुपारी ती कशाची तरी वाट बघत होती, एवढं तिला पक्कं आठवत होतं. आता थांबेल, आता थांबेल. मग तिला वाटायचं, आपण आयुष्यभर असंच चालवत आलो की काय? लग्नात, धंद्यात, मुलीला वाढवताना?

गाडी तिच्यासाठी बदलून गेली. आधी ती तिची स्वतःची एकमेव खोली होती. घरात स्वयंपाकघर सगळ्यांचं, बेडरूम दोघांची, दिवाणखाना पाहुण्यांचा. गाडीत मात्र ती एकटी असायची. दोन घरांच्या मधल्या रस्त्यात ती गाणी म्हणायची, बेसूर आणि मोठ्याने. गिऱ्हाइकाशी न बोललेली वाक्यं तिथे बोलून घ्यायची. कधी कधी गाडी कडेला लावून, डोकं मागे टाकून, नुसती पडून राहायची. नमुन्यांच्या गठ्ठ्यातून कोऱ्या कापडाचा खळीचा वास यायचा, काचेवरून झाडांच्या सावल्या सरकायच्या, आणि आपण कोणाची कोण आहोत याचा तिला घडीभर विसर पडायचा. आता तिच्या मानेला डोळे फुटले होते. मागच्या सीटवर कोणी बसू शकू नये म्हणून तिने तिथे रिकामी खोकी भरून ठेवली, आणि मग खोक्यांच्या मागे कोणी लपलं असेल म्हणून ती रोज खोकी काढून बघू लागली. दारं लॉक करायची, सिग्नलला पुन्हा बटण दाबून खात्री करायची, आणि त्या खट् आवाजाने स्वतःच दचकायची. तिने लांबची कामं सोडली. फोनवर मापं मागवायला लागली. लोक चुकीची मापं द्यायचे, पडदे गुडघ्यापर्यंत यायचे, आणि ती हसून पुन्हा शिवून द्यायची. एकदा पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीच्या दारात कोणा बाईच्या स्कार्फचं टोक अडकून बाहेर लोंबत होतं. चाकात जाईल म्हणून ती सांगायला गेली, काचेवर बोटाने टकटक केलं. आतली बाई तिच्याकडे वळलीच नाही. समोर बघत राहिली, आणि खट् आवाज झाला. ती तिथेच उभी राहिली. काचेत तिला तिचाच चेहरा दिसत होता, आणि त्याआड दुसरा, ताठ, पांढराफटक.

तिच्या लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून ती एका जागी टिकत नसे. कॉलेज संपत आलं होतं, आणि आईने गाडी शिकवायची हे केव्हापासून ठरलेलं होतं. आई आज-उद्या करत राहिली. आधी परीक्षा, मग गाडीचं काम निघालं, मग ऊन फार. एके दिवशी भिंगरीने बॅग सोफ्यावर फेकली आणि सरळच विचारलं, "तुला भीती वाटते म्हणून मी जन्मभर पायी फिरायचं का?" नवरा पेपरमागून म्हणाला, हळू बोल. तिला वाटलं, पोरगी चुकीचं काय बोलली? दुसऱ्या दिवशी भिंगरीच तिच्याजवळ येऊन बसली, फोन पुढे केला, आणि म्हणाली की रविवारी सकाळी गाडी चालवणाऱ्यांसाठी एक वर्ग असतो, स्वतःचा बचाव कसा करायचा ते शिकवतात, आणि मी तुझं नाव घातलंय. तू आधी जा. मग मला शिकव.

वर्ग एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवरच्या पार्किंगमध्ये भरायचा. वर मोकळं आभाळ, खाली पिवळ्या पट्ट्यांचे चौकोन, कडेला जाड खांब. शिकायला आलेल्यांत एक नर्स होती, एक औषध कंपनीचा विक्रेता होता, एक टॅक्सीवाले काका होते. त्यांना कोणीतरी मागून गळ्याला दोरी लावली होती आणि काका ते हसत हसत सांगायचे. शिकवणाऱ्या बाई पोलिसात गाडी चालवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. त्या कधी आवाज चढवत नसत. गाडीत बसलं की आधी दारं लॉक, मग बाकी सगळं, असं त्यांनी सांगितलं. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, म्हणजे वळवून निघायला जागा राहते. काच खाली घ्यायचीच वेळ आली तर बोट जाईल इतकीच. कोणाला गाडी हवी असेल तर द्या, पर्स हवी असेल तर द्या. लोखंडासाठी जीव टाकायचा नाही. पण तुम्हीच हवे असाल तर गप्प राहायचं नाही. बेल्ट एका हाताने न बघता कसा सोडायचा, मागून मान धरली तर हनुवटी छातीकडे कशी दाबायची, कोपर कुठे मारायचं, हे सगळं त्यांनी करून घेतलं. नर्सने टॅक्सीवाल्या काकांना खरोखरच कोपर हाणलं, आणि काका बराच वेळ बरगडी चोळत होते. ती हसली. किती तरी दिवसांनी हसली, असं तिला वाटलं.

मग प्रत्येकाच्या गाडीत मागे बसून बाई सराव घ्यायच्या. तिची पाळी आली. बाई तिच्या सीटच्या मागे बसल्या, खोकी बाजूला सारली, आणि म्हणाल्या, "सरळ चला." हॉर्न वाजवायचा आणि खांबाजवळ गाडी थांबवून बाहेर पडायचं, हे ठरलेलं होतं. तिने गाडी काढली. खांब आला आणि गेला. पिवळ्या पट्ट्या बॉनेटखाली शिरत होत्या, एकामागून एक, फार सुंदर, टेपवरच्या रेघांसारख्या. कठड्यापलीकडे शहर पसरलं होतं, गच्च्यांवर वाळणारे कपडे, लांब एक धुराडं. ती वळली. पुन्हा वळली. बाकीचे कडेला उभे राहून बघत होते आणि त्यांचे चेहरे तिला दर फेरीला ओळखीचे वाटत होते, लहानपणी पाहिलेल्या फोटोतल्यासारखे. किती फेऱ्या झाल्या तिला कळलं नाही. शेवटी बाईंनी पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचं नाव घेतलं.

गाडी थांबली. बाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"कुठे गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"कुठे नाही. इथेच होते."

"इथे नव्हता. मला मागून तुमची मान दिसत होती. झोपलेल्या माणसाची मान होती ती."

मग जे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते या जवळजवळ अनोळखी बाईला सांगून टाकलं. "मला भीती वाटत नाही हो. त्या दिवशीपण नाही वाटली. बरं वाटत होतं."

बाईंना त्याचं काही नवल वाटलं नाही. "भीती वाटली नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वाटली की अंगाने तुम्हाला उचलून बाजूला नेऊन बसवलं. वर्दीतल्या धडधाकट माणसांचं असं झालेलं मी बघितलंय. त्यात तुमचा काही गुन्हा नाही. पण परत यायची वाट माहीत हवी."

"कसली वाट?"

"बोलायचं. मोठ्याने. समोर जे दिसतंय तेच बोलायचं. खांब आहे, खांब म्हणा. हात आहे, हात म्हणा. आवाज निघाला की माणूस परत येतो."

त्या रविवारी ती गच्चीवर गाडी फिरवत खांब, भिंत, माझा हात, असं ओरडत राहिली, आणि औषधवाल्या विक्रेत्याला हसू आवरेना. तिलाही लाज वाटली. पुढच्या रविवारी कमी वाटली. मग कधीतरी बाई मागे बसल्या आणि "सरळ चला" म्हणाल्या, आणि तिच्या तोंडून शब्द निघण्याआधीच तिचा हात हॉर्नवर जाऊन पडला. तो आवाज गच्चीभर घुमला. कठड्यावरची कबुतरं उडाली. तिने हात उचललाच नाही. बाईंनी दोनदा पुरे म्हटलं तरी नाही. घरी येऊन तिने मागची खोकी काढून अडगळीत टाकली. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, कापड ठेवायला जागा नको का?

गुंगी मात्र गेली नव्हती. कधी कधी गॅसवर दूध तापत असताना, कधी गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकताना, ती कडेकडेने येऊन बसायची, पाळीव जनावरासारखी. तिला हाकलून लावायचं तिने सोडून दिलं. एवढंच, की ती आली हे आता तिला कळायचं.

भिंगरी शिकली. ती फार शूर नव्हती आणि फार बेफिकीरही नव्हती. शिकताना जीभ दातांत धरायची आणि चुकलं की स्वतःलाच शिव्या द्यायची. लायसन्स मिळालं त्या आठवड्यात ती आईला घेऊन लांबच्या एका गिऱ्हाइकाकडे निघाली, आणि आईनेही पुष्कळ दिवसांनी लांबचं काम घेतलं होतं. सकाळची वेळ. रस्ता कारखान्यांच्या वस्तीतून जाणारा, दोन्ही बाजूंनी उंच भिंती, भिंतींवर काचांचे तुकडे लावलेले, उन्हात चमकणारे. रहदारी तुरळक. ती शेजारच्या सीटवर बसून त्या काचांकडे बघत होती, हिरव्या, तपकिरी, मधेच एखादी निळी, आणि घरात अशाच रंगाचे तुकडे जोडून एखादा पडदा केला तर ऊन कसं येईल, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं. एवढ्यात कडेने एक मोटारसायकल घासून गेली, ठक् असा आवाज आला, आणि मोटारसायकल पुढे जाऊन आडवी थांबली. भिंगरीने ब्रेक मारला. पुढे दोन माणसं उतरली. एकाने कोपर धरलं होतं.

"आई, लागलं का गं त्याला?" भिंगरी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी बघते." तिचा हात दाराकडे गेला.

चांगल्या माणसाचा हात जसा जाईल तसा गेला, हे आईला दिसलं; आणि त्याच वेळी तिला हेही दिसलं की दुसरा माणूस आपल्या जोडीदाराकडे बघतसुद्धा नाहीये. तो गाडीला वळसा घालून मागच्या बाजूला चालला होता, आरामात, खिशात हात घालून. मागच्या दाराची मूठ कोणीतरी ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. तो आवाज तिच्या मणक्यातून खाली गेला, आणि त्याच्या मागोमाग ती ओळखीची ऊब आली, पायांपासून वर चढू लागली. भिंतीवरच्या काचा आणखीनच सुंदर दिसू लागल्या.

"मोटारसायकल," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "दोन माणसं. एक मागच्या दाराशी."

"आई?"

"उतरू नकोस. लागलं असेल तर पोलिसांना सांगून मदत पाठवू. गाडी काढ."

कोपर धरलेला माणूस आता काचेशी आला होता. अंगठीने काचेवर टकटक करत, वाकून, गोड हसून बोलत होता. ताई, जरा काच खाली घ्या ना, आम्ही काही म्हणत नाही, बोलून मिटवू. त्याचं कोपर आता नीट होतं. भिंगरीने क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

"बंद पडली," तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, बंद पडली."

"पडू दे. सगळ्यांची पडते. क्लच दाब. चालू कर."

माणसाने काचेवर तळहात मारला. आता तो हसत नव्हता. मागून दुसरा डिकीवर काहीतरी आपटत होता. आईने अंग वाकवलं, लेकीच्या हातांवरून हात नेला आणि हॉर्न दाबून धरला. त्या लांब भिंतींमध्ये आवाज इकडून तिकडे आपटत गेला. पलीकडच्या फाटकातून एक पहारेकरी बाहेर आला, त्याच्या मागून आणखी कोणी. गाडी चालू झाली. पुढे मोटारसायकल होती, पण मधे जागा होती. भिंगरीने लांबच ब्रेक मारला होता. "वळव," आई म्हणाली, हॉर्नच्या आवाजावर ओरडून, "आणखी वळव, आरसा फुटला तर फुटू दे." बाजूचा आरसा मोटारसायकलच्या हँडलला लागून फुटला. त्या निसटल्या.

पुढे पेट्रोल पंप लागला तिथे त्या थांबल्या. पंपावरच्या माणसाने लोंबणारा आरसा पाहिला आणि न विचारता खुर्च्या आणून दिल्या. पोलिसांना फोन केला. त्यांनी या वेळी सगळं लिहून घेतलं. त्या रस्त्यावरून अशाच तक्रारी आल्यात म्हणाले, गाडी थांबवायची, माणूस खाली उतरवायचा, आणि लुटायचं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला की मी निघतो, तिथेच थांबा. तिने नको म्हटलं. आम्ही येतोय, दोघी ठीक आहोत. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? ती म्हणाली, "हॉर्न वाजवला मी." "बरं केलंस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला हे लपवायला त्याने फोन ठेवला.

भिंगरी पाणी पीत होती. आईचे हात आत्ता कापायला लागले होते, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि तिने ते कापू दिले. ही भीती होती, साधी, नागडी, वेळेवर न आलेली पण आलेली. तिला जवळजवळ आनंद झाला. ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, मी चालवू का आता? भिंगरीने तोंड पुसलं, मान हलवली.

"नको. आत्ता नाही चालवली तर मी परत कधीच चालवणार नाही."

गिऱ्हाइकाला उद्या येते म्हणून कळवलं आणि त्या परत फिरल्या, दुसऱ्या रस्त्याने. आधी भिंगरी इतकी सावकाश चालवत होती की सायकली पुढे जात होत्या. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. शहर सुरू झालं, दुकानं, झाडं, शाळेच्या फाटकाशी आयांची गर्दी. आईने डोकं मागे टेकवलं. तिच्या अंगातलं सगळं बळ निघून गेलं होतं आणि पापण्या जड झाल्या होत्या. ती स्वतःला तपासत होती: ही तीच गुंगी का? पण ही वेगळी होती. हिच्यात हातपाय दुखत होते, घसा बसला होता, तहान लागली होती. हिच्यात ती स्वतः होती.

घराचा रस्ता आला आणि मागे गेला.

"वळण गेलं," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"माहितीये," भिंगरी म्हणाली. "एक मोठी फेरी मारते. मागून कोणी येत नाही ना, बघते. मग जाऊ घरी."

हे हिला कोणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं. लेक जीभ दातांत धरून चालवत होती, नजर समोर, मग आरशात, मग पुन्हा समोर. कपाळावर घामाने चिकटलेली बट. तिला सांगावंसं वाटलं की छान चालवतेस, सांगावंसं वाटलं की मी तुझ्यामुळे त्या वर्गाला गेले, आणि आणखीही पुष्कळ. गाडी एका लयीत चालली होती. रस्त्याकडेच्या झाडांच्या सावल्या बंद पापण्यांवरून जात होत्या, काळोख, उजेड, काळोख, आणि त्या काळोखात तिला कशाचीही वाट बघायची नव्हती. भिंगरीने रेडिओचा आवाज कमी केला.

"झोपलीस?"

तिला नाही म्हणायचं होतं. पण शब्द ओठांपर्यंत येईतो ती झोपली होती.